गोइंग

सातपूरच्या आयटीआय सिग्नलजवळ
झेरॉक्सच्या दुकानावर आमचा वर्ग.
साडेसात ते नऊ. लोखंडी जिना,
खालून लॅमिनेशनचा जळका वास.
सोमवारी फळ्यावर लिहिलं : वॉज गोइंग टू.
ठरवलं होतं आणि झालं नाही,
ते सांगायचं असेल तर हे.

यास्मिन कोकणी लगेच म्हणाली,
म्हणजे मॅडम, माझं चौक मंडईतलं पार्लर.
अगदी तेच, म्हटलं. आय वॉज गोइंग टू ओपन.
मग डिपॉझिट कुठे गेलं ते सांगायला लागली.
म्हटलं, तेवढं इंग्रजी आपलं अजून झालेलं नाही.
वर्ग हसला, तीही.

चेतन बेंडकोळी वायनरीत पाहुण्यांचे ग्लास भरतो.
तो म्हणाला, आपल्यात बरंय,
‘णार होतो’ म्हटलं की विषय संपला.
खरं होतं त्याचं.
‘णार’ उद्याकडे तोंड करून, ‘होतो’ कालकडे,
दोघं एकाच बाकावर पाठीला पाठ लावून,
आणि आपण रोज त्यांच्यासमोरून जातो,
बसायला जागा आहे का एवढंच बघत.

तेवढ्यात मागून निवृत्ती कडलग.
सेकंड शिफ्ट असली की तो येत नाही,
आला की हातांना कूलंटचा वास.
महिन्याभरात पहिल्यांदा हात वर केला.
मॅडम, मी तर गेलोच नाही.
मग गोइंग कसं?

म्हटलं, इथे जाणं म्हणजे जाणं नव्हे.
आय वॉज गोइंग टू स्लीप.
झोपायला कोणी चालत जातं का?
जातो की, म्हणाला, आतल्या खोलीत.
पुन्हा हसू.
मला नीट उत्तर सुचेना, म्हणून फळा पुसला.
गृहपाठ : दहा वाक्यं, ज्याची त्याने, स्वतःची.

वह्या मी घरी तपासते, सिडकोत, कुकर होईपर्यंत.
सुलभा गांगुर्डे आईला पेठहून आणणार होती,
डोळे दाखवणार होती,
नर्सिंगचा फॉर्म भरणार होती,
हे शेवटचं दोनदा.
चेतनची दहाही वाक्यं बुलेटवर.
कडलगच्या वहीत एकच :
आय वॉज गोइंग टेल सोमनाथ
गार्ड इज नॉट ऑन प्रेस.
आणि त्याखाली बारीक मराठीत,
दहा पावलं होती. चहा आला.
उजव्या हाताची चार बोटं.

शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
लाल पेन हातात होतं, आणि हात सवयीचा.
त्याने गोइंगच्या पुढे टू घातला,
प्रेसच्या आधी द.
मग मी पेनाला टोपण लावलं.
भात खाली लागला होता.

गुरुवारी वही दिली.
उभ्या उभ्याच वाचली त्याने.
टू राहिला होता होय, म्हणाला.
आता वाक्य बरोबर आहे ना?
बरोबर आहे, म्हटलं.
सोमनाथ कसा आहे, हे मला विचारायचं होतं,
पण यास्मिन डस्टर मागत होती
आणि खाली कोणीतरी गाडी काढा म्हणून ओरडत होतं.
शाळेत ह्याला अपूर्ण भूतकाळ म्हणायचे, कडलग म्हणाला,
मला की वहीला, कळलं नाही.
पेपरला यायचाच तो प्रश्न, दोन मार्कांना.

जागेवर जाऊन बसला.
पान उलटलं, पट्टीने समास आखला,
आणि तेच वाक्य पुन्हा नीट उतरवून काढलं,
एकेक अक्षर सुटं सुटं.
टू जरा मोठा काढला.